लाईनवर राहा, जोडते

नव्या पनवेलात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मी आधी कॉम्प्युटर क्लास काढला होता. तो वर्षभरात बुडाला. मग १९९८ साली त्याच तीन मशीन आणि त्याच खुर्च्यांवर मी सायबर कॅफेची पाटी लावली. गिऱ्हाइकं दोन प्रकारची यायची. दुबई-कुवेतला माणूस असलेली मंडळी निरोप पाठवायला यायची आणि कॉलेजातली टोळकी टवाळक्या करायला. या दोन्हींत न बसणारं एक गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चंद्रावती प्रधान. सकाळी अकराच्या ठोक्याला यायच्या. इस्त्रीची सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात लांबट वही.

प्रधानबाई तीस वर्षं पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पुण्याला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावं लागे, त्या काळातल्या. अख्ख्या तालुक्यातली बारशी, मयतं, जमलेली आणि मोडलेली लग्नं या बाईंच्या कानांवरून गेली, पण एक शब्द बाहेर आला नाही. स्वतः लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मी तोंडाळ आहे, पण तेवढा नाही.

पहिल्या दिवशी मी मोडेम लावला आणि त्याची किंचाळी सुरू झाली. बाकीचे लोक त्या आवाजाला वैतागायचे. बाई मात्र खुर्चीत सरसावून बसल्या.

"नाही लागणार. ठेव आणि पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

खरंच नाही लागला. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तीस वर्षं काय भजी तळत होते का रे?"

आल्या होत्या त्या भाचीला ईमेलने पत्र पाठवायला. त्यांचा भाऊ अविनाश ब्याण्णव साली बदली होऊन सहकुटुंब बडोद्याला गेला. जाताना त्याच्या मुलीने, अनुष्काने, बिस्किटाएवढी दोन कासवं आत्याच्या हातात ठेवली. लाल कानांची, परदेशी जातीची, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली. "आत्या, दोनच महिने सांभाळ हं," असं म्हणून पोरगी गेली. सहा वर्षांत कासवं भाकरीएवढी झाली. अनुष्काने बाईंच्या पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं, दुसरं एका ओळीचं. तिसऱ्याला नाही, चौथ्यालाही नाही. पाचव्या वेळी बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अभ्यास असेल तिला. कासवांविषयी काही मिळतं का बघ बरं त्यात."

मिळालं. कासवं पाळणाऱ्या आणि त्यांची पैदास करणाऱ्या हौशी लोकांची एक मंडळी होती. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडायचं. साडेतीनशे माणसं, बहुतेक अमेरिकेतली, थोडी जर्मनीतली, ऑस्ट्रेलियातली. भारतातून एकट्या प्रधानबाई. बाई सांगायच्या आणि मी टाईप करायचो, कारण त्यांच्या एका बोटाच्या वेगाने माझी लाईन दुपारपर्यंत अडकली असती. रोजची वीस-पंचवीस पत्रं त्या वाचायच्या आणि लिहिणाऱ्याचं नाव, गाव, पत्ता वहीत उतरवून घ्यायच्या. ओहायोतला अमका, ब्रेमेनची तमकी. बोलताना असं बोलायच्या, की जणू ती माणसं पलीकडे विचुंब्यातच राहतात.

मंडळी जाणकार होती, पण फटकळ. कुणा नवख्याने भीत भीत काही विचारलं तर उत्तर ठरलेलं : आधी जुनी पत्रं वाचून या. नाहीतर सरळ शुकशुकाट. त्यांत डेल नावाचा ओहायोतला गृहस्थ सगळ्यांचा बाप. वीस वर्षं कासवांची पैदास करत होता. ज्ञान घागरभर आणि सौजन्य चमचाभर.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत बाईंच्या मादीने बाल्कनीतल्या कोथिंबिरीच्या मातीत सहा अंडी घातली. बाई हरखून गेल्या. त्यांनी ती ओल्या रेतीच्या पातेल्यात ठेवून पातेलं फ्रिजच्या डोक्यावर उबेला ठेवलं. सुकापूरहून रंभा मासळी घेऊन यायची. कासवांसाठी बारीक कोळंबी तीच आणायची आणि दर वेळी कपाळाला हात लावायची. "कासवान्ला कोळंबी! मानसान्ला मिलत नाय, बाय." त्या दिवशी तिने पातेल्यात डोकावून सल्ला दिला, "आमची कोंबडी रोज अंडी उलथते. तुमी पन उलथा, नायतर पिल्लू एका बाजूला चिकटंल." रंभाकडे पंचवीस कोंबड्या. तिचा शब्द बाईंना पटला. तीन आठवडे रोज सकाळी आंघोळ करून, हात पुसून, त्या एकेक अंडं हळूच उलटत होत्या.

मग मंडळीला पत्र लिहिलं. आदरणीय महोदय इथपासून सुरुवात, आपली कृपाभिलाषी इथे शेवट, आणि मध्ये आपण अंडी कशी आणि किती वेळा फिरवतो त्याचं नीट वर्णन. काही चुकत असल्यास कळवावे.

डेलचं उत्तर त्याच दिवशी आलं. मी मनातल्या मनात मराठीत वाचलं ते असं : "तुम्ही ती मारली आहेत. कासवाचं अंडं कोंबडीचं नव्हे. आतला जीव वरच्या बाजूला धरून असतो, उलटलं की मरतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांनी प्राणी पाळू नयेत." त्याच्यामागे आणखी चौघे टाळ्या पिटत आले. एकाने तर बाईंच्या 'आदरणीय महोदय'ची टिंगल केली.

माझं डोकं फिरलं. "बाई, नुसतं हो म्हणा, याची अशी उतरवतो—"

"हात काढ तिथून," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ऑपरेटरचा होता. "लाईनवर लोक मला काय काय बोललेत, तुला कल्पना नाही. जो ओरडतो ना, त्याच्या घरी बहुतेक वेळा कोणीतरी आजारी असतं. लिही. आपण चूक दाखवलीत, आभारी आहे. उरलेल्यांसाठी काही करता येईल का?"

त्याला उत्तर आलं नाही. अंडी पिवळी पडली, वास सुटला, आणि बाईंनी ती पुन्हा कोथिंबिरीच्या मातीत पुरली. रंभाने विचारलं, "बाय, अंड्यांचा काय झाला?" बाई म्हणाल्या, "उन्हाळा फार झाला गं." मी तिथेच बोंबील निवडत उभा होतो. रंभा गेल्यावर म्हटलं, तिचं ऐकूनच तर घोळ झाला. बाई म्हणाल्या, "तिने मनापासून सांगितलं. डेलने खरं सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मिळाव्यात असा हट्ट धरू नये."

मी असतो तर त्या मंडळीचं तोंड पाहिलं नसतं. बाईंनी उलटंच केलं. ज्या नवख्याला दोन दिवस कोणी उत्तर दिलं नसेल, त्याला त्या उत्तर द्यायला लागल्या. मजकूर इतकाच : "तुमचं पत्र पोचलं आहे. याचं उत्तर मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो येईपर्यंत कृपया लाईनवर राहा." हे मी इतक्यांदा टाईप केलं की बोटांना पाठ झालं. एक्स्चेंजमध्ये हाच नियम होता म्हणे. कॉल लागो न लागो, थांबलेल्या माणसाला आपण थांबलोय हे कुणाला तरी ठाऊक आहे, एवढं कळलं पाहिजे.

एप्रिलमध्ये मंडळीच्या चालकाचं पत्र आलं. काहीही माहिती नसलेली पत्रं पाठवून सर्वांच्या पेट्या भरू नयेत, पुन्हा असं झालं तर नाव काढलं जाईल. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"नाव काढतील रे ते?"

"काढू देत. ओवाळून टाकली असली मंडळी."

"तुझं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "इथून नाव निघालं तर सकाळी अकराला मी कुठे जाऊ?"

त्या दिवसापासून 'लाईनवर राहा'ची पत्रं मंडळीला न जाता थेट त्या त्या माणसाला जाऊ लागली. कुणी दोन शब्दांचे आभार मानी, बहुतेक मानत नसत. मंडळीच्या लेखी पनवेलची बाई गप्प बसली होती.

गणपतीच्या दिवसांत मादीने पुन्हा अंडी घातली. पाच. या वेळी बाईंनी मातीतून काढतानाच प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक फुली मारली आणि ती बाजू तशीच वर ठेवून रेतीत बसवली. रंभाला सांगितलं, "या खेपेला जरा वेगळं करून बघते." पातेल्याच्या आसपास त्या बोटही फिरकू देत नव्हत्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तीन पिल्लं बाहेर आली. मी वर जाऊन बघितली, हिरवीगार, बटणाएवढ्या डोक्यांची. बाईंनी मला रव्याचा लाडू दिला आणि स्वतः खायला विसरल्या.

मंडळीला लिहायच्या सहा ओळी ठरवायला त्यांना दोन तास लागले. पाचपैकी तीन. गेल्या वेळी चुकले होते, या वेळी आपल्या सर्वांमुळे जमलं. पत्र गेलं आणि बाई दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच हजर झाल्या.

उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. कुणाचंच कसलंच पत्र नव्हतं. बाई म्हणाल्या, "दिवाळीला गेले असतील सगळे." ओहायोत कसली दिवाळी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पाचव्या, सहाव्या, आठव्या दिवशी त्या आल्या, रिकामी पेटी बघितली, थोडा वेळ बसल्या, मला बरं आहे ना विचारलं आणि गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं जड वाजायची.

दहाव्या दिवशी मला राहवलं नाही. मी एक खोटा पत्ता उघडला आणि ऑस्ट्रेलियातली हेलन होऊन बाईंना लिहिलं : तुमचं पत्र पोचलं, पिल्लांबद्दल अभिनंदन, बाकीचे येईपर्यंत लाईनवर राहा. बाईंनी ते वाचलं. खूप वेळ वाचलं. मग मला हेलनला आभाराचं पत्र टाईप करायला सांगितलं, शेवटपर्यंत व्यवस्थित. पाठवून झाल्यावर म्हणाल्या,

"सत्यजीत, एक्स्चेंजमध्ये लाईन मेली तर मेली म्हणून सांगायचो. पलीकडच्या माणसाचा आवाज आम्ही कधी काढला नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कुठे तुटलीय ते शोध," त्या म्हणाल्या.

शोधायला अर्धा तास लागला. बाईंचं पत्र गेलं त्याच सुमारास मंडळी उठून एका नव्या वेबसाइटवर गेली होती. जुना पत्ता चालू होता, पण तिकडे आता कोणी बघत नव्हतं. सर्वांना दोनदा सूचना पाठवली आहे, असं खाली लिहिलं होतं. बाईंची पेटी लहान, सारखी भरायची, म्हणून दर शनिवारी बाई यायच्या आधी मीच त्यातली पत्रं न वाचता काढून टाकायचो. दोन्ही सूचना शुक्रवारी रात्री आल्या होत्या आणि मीच टाकल्या होत्या. मी ते सांगितलं. बाई फक्त "बरं" म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आम्ही ती नवी वेबसाइट उघडली. चित्रं पट्ट्यापट्ट्यांनी येत होती. प्रत्येकाने काहीतरी टोपणनाव घेतलं होतं आणि सगळे एकदम बोलत होते. बाई वहीवर बोट ठेवून आपली माणसं शोधत राहिल्या. एकही नाव जुळलं नाही. "इथे कोण कुणाशी बोलतंय तेच कळत नाही रे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली.

मग पुन्हा उघडली. "एक पत्र घे. डेलला, थेट त्याच्या स्वतःच्या ईमेलवर."

"त्या माणसाला?"

"घे."

त्यांनी सांगितलं ते असं : "मार्चमध्ये आपण मला अंडी उलटण्याविषयी सांगितलंत. या वेळी मी वर फुली केली आणि अंडी हलवली नाहीत. पाचपैकी तीन पिल्लं झाली. आपलं सांगणं उपयोगी पडलं, हे आपल्याला कळावं म्हणून लिहिते. उत्तराची अपेक्षा नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला त्या आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. बाईंच्या एक नंबरच्या मशीनवर मी कुणालाही बसू देत नव्हतो आणि गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत होतो. बाईंची पेटी मी रोज उघडून बघायचो आणि त्यातलं काहीएक काढत नव्हतो.

अकराव्या दिवशी भर दुपारी त्यात एक पत्र दिसलं. डेलचं. महोदया, अशी सुरुवात. पाचपैकी तीन म्हणजे चांगलंच आहे. पिल्लांना खायला काय घालता? उरलेली दोन फोडून बघितलीत का? कळवा.

मी दोन मजले धावत चढलो. बाई बाल्कनीत परातीतलं पाणी बदलत होत्या. तिन्ही पिल्लं एका वाडग्यात होती. मी धापा टाकत सांगितलं. त्या वळल्या नाहीत.

"हे तू नाही ना लिहिलंस?"

"नाही."

"शपथ घे."

"आईची शपथ, बाई."

मग त्या वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. पदराला हात पुसत त्या चष्मा शोधू लागल्या, तो गळ्यातच होता. मी म्हटलं, "तुम्ही उन्हाच्या कशाला उतरता? इथूनच सांगा, मी जाऊन टाईप करतो."

"छे. माणूस लाईनवर थांबलाय," बाई म्हणाल्या, आणि वही घेऊन माझ्या आधी जिना उतरायला लागल्या.