रहीमचाचांची नमाज

कापराचा वास आला की मला आमच्या नेर गावचं कब्रस्तान आणि कापूर लावलेलं ते कफन आठवतं. लागोपाठच्या हंगामांत कापूस बुडाला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात गाद्या भरणाऱ्या रहीमचाचांचं कामही संपलं आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला.

मी तेव्हा सतरा वर्षांचा, धर्माची पत्रकं वाचून पेटलेला. दफनाआधी जनाज्याच्या नमाजेला सगळे रांगेत उभे राहिले, मी बाजूला झालो. "अशा मानसाले माफी नाही, अब्बा."

अब्बांनी माझी बाही ओढली. "अल्लाची रहमत वाटाचं काम तुह्याकडे देलं काय रे? आपुन फक्त दुआ मागाची. उभा राय!"

मी हललो नाही. चाचांचा मुलगा माझ्याकडे पाहत राहिला.

त्या हट्टाची आज चीड येते. चाचांसाठी दुआ आता रोज मागतो. स्वतःसाठी तीच रहमत, तीच दया मागताना मात्र जीभ अडखळते.