पाण्याची नळी

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता केळीच्या नऊही नमुन्यांत विषाणू आढळला. पावणेबारा वाजता मी शहाडच्या रोपवाटिकेत फोन केला.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत केळीची रोपे बाटल्यांत तयार होतात. मग ती शहाडला हिरव्या जाळीखाली दोन महिने वाढतात आणि तिथून शेतकऱ्यांकडे जातात. रोपवाटिका चालवणाऱ्या काकांच्या भाऊबंदांनी जमिनी बिल्डरला विकल्या होत्या. काकांनी आपला तुकडा ठेवला होता. जाळीखाली तेव्हा त्यांची आठ हजार रोपे होती. रोगट रोपे विकत नाहीत, उपटून पुरतात.

"सगळी?" काकांनी विचारले.

"सगळी, काका."

"बरं. खड्डा घेतो खणायला. बिल्डरला कळू देऊ नका, नाचत येईल."

दुपारी आमच्या वरिष्ठ बाईंनी निकालाचा फोटो मागवला. तपासणीत नमुन्यांसोबत दोन नळ्या जादा असतात. एकीत खात्रीने रोगट असलेले पान, दुसरीत नुसते पाणी. विषाणू असेल त्या नळीच्या रांगेत फोटोत पट्टा उमटतो; पाण्याच्या रांगेत काही उमटायला नको. तिथेही ठळक पट्टा होता.

"अगं, पाण्यालाही केळीचा रोग झाला का?" बाई म्हणाल्या.

ती रांग मी पाहिलीच नव्हती. नऊ पट्टे दिसले आणि फोन उचलला होता.

पाने वाटून रस काढण्याची खोली वेगळी असते. सोमवारी तिथला एसी बंद होता, म्हणून रोगट पान मी रसायने मिसळण्याच्या टेबलावरच वाटले होते. सगळ्या नळ्यांत घालायच्या पाण्याची बाटली शेजारीच उघडी होती.

"रडायचं नंतर. आधी काकांना थांबव," बाई म्हणाल्या.

काकांनी तिसऱ्या वेळी फोन उचलला. खड्डा झाला होता. एक ओळ उपटून झाली होती.

"थांबा, काका. माझी चूक असू शकते."

"असू शकते की आहे?"

"शुक्रवारी सांगते."

"मग खड्डा तसाच ठेवतो. रोपांसाठी की तुमच्यासाठी, ते शुक्रवारी ठरवू."

बुधवारी मी शहाडला जाऊन नऊ ताजी पाने आणली. पाणी नवे घेतले. रोगट पान त्याच्या खोलीतच, घाम पुसत वाटले.

शुक्रवारी चार वाजता फोटो आला. मी आधी शेवटची रांग पाहिली. कोरी होती. रोगट पानाचा पट्टा जागेवर होता. नऊ नमुने कोरे.

काकांना कळवले. पलीकडे चालू असलेला पाण्याचा पंप त्यांनी बंद केला.

"ऐकतोय," ते म्हणाले. "परत एकदा सांगा."

मी परत सांगितले.

शनिवारी सकाळी पहिला टेम्पो शहाडहून निघाला. रोपांची एक ओळ कमी होती.