राणी काय म्हणाली?

“बाई, राणी शिव्या देतीय,” रेश्मानं मला खुणेनं सांगितलं.

मी तिचा हात धरून खाली दाबला. समोरच्या खुर्चीत तात्या बसले होते. नव्वदी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्रीचा सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून, खास आईला बघायला आलेला. पडद्यावरची ती राणी म्हणजे आपली आई, असं त्यांचं म्हणणं होतं. राजानं तिला दोन्ही हातांवर उचलून नदीत पाऊल टाकलं होतं आणि ती आभाळाकडं बघून हात जोडून काहीतरी म्हणत होती. चेहऱ्यावर अशी भक्ती, की बघणाऱ्यानं आपसूक चपला काढाव्यात. ओठ मात्र दुसरंच काहीतरी सांगत होते. मलाही ते दिसलं होतं.

आधी माझं काम काय ते सांगते. मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका. सगळी नोकरी कोल्हापुरात झाली, आता रिटायर आहे. मुलांना बोलायला आणि दुसऱ्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवायचं, हे माझं रोजचं काम. याला ओष्ठवाचन म्हणतात. लोकांना वाटतं ही जादू आहे. कसली जादू न् कसलं काय! निम्मं बोलणं ओठांवर येतच नाही. क, ग, ह आत घशाकडं होतात, बाहेरच्याला त्यांचा पत्ता नाही. प, ब, म हे ओठ मिटून होतात, त्यामुळं दिसतात झकास, पण त्यातला कुठला हे कळत नाही. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ म्हणून बघा. तिन्ही वेळा तोंड एकच. उरलेलं मागच्यापुढच्या बोलण्यावरून जुळवायचं. आणि घात तिथंच होतो. आपल्याला जे हवं असतं, तेच दिसायला लागतं. म्हणून मी वर्गात एकच धोशा लावायची, दिसलं ते सांग, वाटलं ते सांगू नको.

रेश्मा कांबळे माझी जुनी विद्यार्थिनी. लहानपणी तापात तिचे कान गेले, पण तोवर आजूबाजूची कोल्हापुरी भाषा डोक्यात पक्की बसली होती. आता चाळिशीची आहे, स्वतःचं शिवणकामाचं दुकान आहे, आणि ओष्ठवाचनात माझ्या कितीतरी पुढं आहे. दुकानासमोर दोन बायका उभ्या राहून कुणाबद्दल काय बोलल्या, हे तिला मशीनवरून न उठता कळतं. त्यामुळं तिला मैत्रिणी थोड्या आहेत.

तर एक दिवस अनिरुद्ध नावाच्या मुलाचा मला फोन आला. जुने चित्रपट शोधून जपणाऱ्या एका संस्थेत तो नोकरी करतो.

“मॅडम, तुम्ही मूकपट वाचाल का?”

“मूकपट बघतात रे बाबा. वाचतात कुठं?”

मग त्यानं सगळं सांगितलं. आजऱ्याच्या एका काजू व्यापाऱ्याच्या माळ्यावर, रिकाम्या डब्यांच्या मागं, फिल्मचं एक गंजकं डबडं सापडलं होतं. व्यापाऱ्याचे आजोबा गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवायचे, त्यांचं ते. जुनी फिल्म फार ज्वालाग्राही असते. एकदा पेटली की पाणी टाकूनही विझत नाही. आणि खाली अंगणात काजू भाजायची भट्टी! इतकी वर्षं ते घर शाबूत राहिलं हीच देवाची कृपा. बहुतेक मूकपट असेच गेले म्हणे. कुठं आगीत जळाले, कुठं सादळून त्यांचा चिकटा झाला, कुठं त्यातली चांदी काढायला लोकांनी धुऊन टाकले. या डबड्यातून मात्र दहाएक मिनिटांचा तुकडा धड निघाला होता. त्याची कॉपी कॉम्प्युटरवर घेऊन झाली होती. हे सांगताना पोरगा इतका आनंदात होता, की स्वतःला मुलगा झाला असता तरी इतका हरखला नसता.

“पण सिनेमा कुठला, बाई कोण, काहीच कळत नाही,” तो म्हणाला. मूकपटात मध्येमध्ये अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्यावरून गोष्ट समजायची. या तंबूवाल्यानं पाट्या कापूनच टाकल्या होत्या. बघणाऱ्यांना वाचता येत नसेल आणि पाटी आली की शिट्ट्या पडत असतील, असा अनिरुद्धचा अंदाज.

सिनेमा कोल्हापुरातच काढला होता, हे मात्र कुणीही सांगितलं असतं. राजाराणीचा वनवास चालला होता तो पंचगंगेच्या घाटाशेजारी. घोर अरण्यात मागून एक म्हैस निवांत चालत जाते, तिच्या पाठीवर बगळा. ती म्हैस बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? आपल्या जन्माच्या कितीतरी आधीचं आपलं गाव डोळ्यांपुढं हलत होतं. तेच पाणी, त्याच पायऱ्या. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओठबिठ सगळं विसरून नुसती बघत बसले होते.

तात्या यात कसे आले? पेपरात त्या राणीचा फोटो छापून आला. तो घेऊन शिवाजी पेठेतले तात्या थेट अनिरुद्धच्या लॉजवर धडकले. जन्मभर पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमला शिकवलेला माणूस, आवाज मैदानावरचा.

“पावणं, ही माझी आय हाय.”

आई ते रांगते असतानाच वारली होती. सिनेमात काम केलं म्हणून वडिलांच्या घरानं तिचं नावच टाकलं. फोटो जाळले. तात्यांना वाढवलं मावशीनं, आईच्या सख्ख्या बहिणीनं. तिच्याकडं एक पुसट फोटो लपवून ठेवलेला होता, तेवढीच आई. आणि लहानपणापासून पेठेत दोन गोष्टी ऐकलेल्या. कुणी म्हणायचं, तुझी आई नटी होती. कुणी म्हणायचं, कसली नटी, थापा आहेत सगळ्या.

अनिरुद्धनं दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. कपाळ जुळत होतं, हनुवटी जुळल्यासारखी वाटत होती. “पण संस्थेत एवढ्यावर नाव लावत नाहीत, मॅडम,” तो म्हणाला. म्हणून आता ओठ वाचणं जास्तच गरजेचं झालं. न जाणो, राजानं चुकून तिला खऱ्या नावानं हाक मारली असली तर.

तर आम्ही सगळे तात्यांच्या तालमीच्या खालच्या हॉलमध्ये जमलो होतो. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून फिल्म बघितली, तेव्हाच रेश्मानं राणीच्या शिव्या पकडल्या. फिल्म संपल्यावर तात्यांनी मला जवळ बोलावलं. कानाचं मशीन त्यांच्या खिशात. कानात घातलं की शिट्टी मारतं म्हणे.

“बाई,” ते म्हणाले, “मला दुसरं काय नगं. ती माझी आय हाय का न्हाय, एवढं सांगा. आन् काय बोलतीया ते सांगा. तिचा एक शब्द मला ठावं न्हाय.”

मी मान हलवली.

मग काम सुरू केलं. रेश्माला हॉलच्या एका कोपऱ्यात बसवलं, मी दुसऱ्या. दोघींपुढं वेगळा लॅपटॉप. एकमेकींशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दोघींनी स्वतंत्र लिहायचं आणि जुळेल तेवढंच खरं धरायचं. जुनी फिल्म आजच्या स्पीडनं लावली की माणसं तुरुतुरु पळतात, तोंडंही तशीच. म्हणून अनिरुद्धनं ती बोलण्याच्या वेगाला आणून दिली. राजाचा उपयोग शून्य. एखाद्या तालमीतला पैलवान आणला असावा, मिशी अशी की वरचा ओठ होता की नव्हता कोण जाणे. त्यानं तिला हाक मारली असली तरी ती त्या मिशीत अडकली. राणीचं तोंड मात्र स्वच्छ.

कितीतरी वेळा पुढंमागं करून आम्ही आमचे कागद एकमेकींशेजारी ठेवले. ‘नीट धर की,’ दोघींचं जुळलं. ‘पाडशील मला,’ जुळलं. मग एक शिवी, ती मी इथं लिहीत नाही, पण दोघींचं अक्षरन् अक्षर जुळलं. आणि त्यानंतर आभाळाकडं बघून, हात जोडून, एक आख्खं वाक्य. ओठ मिटायच्या अक्षरांनी भरलेलं, म्हणजे आमच्या दृष्टीनं सोपं. तेही जुळलं.

अनिरुद्धनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

“मॅडम, हे सांगणार त्यांना?”

“मग काय सांगू?”

“काहीतरी चांगलं. ‘हे परमेश्वरा, माझ्या पतीला बळ दे.’ चेहऱ्याला शोभतंय की. कोण तपासायला येतंय? नव्वदीच्या माणसाला जाता जाता बरं वाटेल.”

मी भडकले. “अरे, मी काय हात बघून भविष्य सांगणारी आहे का, समोरच्याला आवडेल ते बोलायला?”

भडकले खरी, पण तात्यांकडं बघितलं आणि माझाही पाय मागं आला. म्हातारा फेटा सारखा करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निकालाला बसलेल्या पोरासारखा बसला होता. आईचा पहिला शब्द ऐकायला. आणि मी त्यांना शिवी ऐकवणार? परमेश्वराचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. रेश्मा माझ्या तोंडाकडंच बघत होती. तिला काही सांगावं लागत नाही.

“बाई, दिसलं ते सांगा,” ती मोठ्यांदा म्हणाली. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर मारलं बयेनं.

मी तात्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. “तात्या, ती तुमची आई आहे की नाही, हे ओठांवरून मला सांगता येणार नाही.”

“काय?”

“सांगता येणार नाही! पण बोलते काय, ते सांगते!”

“मोठ्यानं सांगा!”

एव्हाना मैदानावरनं प्रॅक्टिस करून आलेली पोरं दारात गोळा झाली होती. आता मी शिकलीसवरलेली, पांढऱ्या केसांची बाई, आणि तालमीच्या हॉलमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडतेय, “नीट धर की! पाडशील मला!” पोरं खो खो हसायला लागली. शिवी आली तशी अनिरुद्धनं खिडकीबाहेर बघितलं. तात्यांचे डोळे बारीक झाले, पण ते चिडले नाहीत. “म्होरं?” म्हणाले.

“मग वर बघते, हात जोडते आणि म्हणते, ‘कोंबडं पाळीन…’”

मी श्वास घ्यायला थांबले.

“‘…पण तुला पाळायची न्हाय,’” तात्या म्हणाले.

कागद माझ्या हातात उलटा धरलेला होता. पुढचे शब्द मी, रेश्मा आणि अनिरुद्ध सोडून कुणी बघितले नव्हते. अनिरुद्ध उठून उभाच राहिला. मग दाराकडं वळून पोरांना म्हणाला, “ही म्हण इकडं सगळे म्हणतात का?”

“छ्या! आमचं तात्याच म्हणत्यात,” गोलकीपर म्हणाला. “गोल खाल्ला की मैदानभर. माझा बाप खेळायचा तवा त्यालाबी म्हणायचं.” पोरं पुन्हा हसली. “तात्या, ही राणी तुमचंच वाक्य मारतीया की!”

तात्या हसले नाहीत. फेटा काढून मांडीवर ठेवला.

“माझं न्हाय रं त्ये,” ते म्हणाले. “मावशीचं हाय. भाकरी करपली, मी अभ्यास न्हाय केला, की मावशी असंच म्हणायची. मला वाटायचं तिचंच हाय. कुणाचं उचललंतं त्ये आज कळलं.”

आणि मग ते रडले. मोठ्यानं, लपवाछपवी न करता, मैदानावर ओरडायचे तसंच. मलाही आवरलं नाही, आणि अनिरुद्ध पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. थोड्या वेळानं तात्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, “आयला, तोंडाची फटकळच निघाली. बरं झालं. मला वाटलंतं, फोटोगत गप गप असंल.”

संस्थेच्या रेकॉर्डमध्ये राणीचं नाव लागलं, पण ‘कुटुंबीयांच्या सांगण्यावरून’ अशी शेपटी जोडून. पुराव्याच्या रकान्यात काय लिहू, असं अनिरुद्धनं मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, कोंबडं लिही. त्यानं बहुतेक ‘ओष्ठवाचन’ लिहिलं. सिनेमा कुठला, ते अजून कळलेलं नाही. बाकीची रिळं सापडतील अशी त्याला आशा आहे आणि तो जिल्ह्यातले माळे धुंडाळत फिरतोय.

तो तुकडा मग तालमीच्या अंगणात पडदा लावून दाखवला. पेठ लोटली होती. तात्या पहिल्या रांगेत. राजानं राणीला उचललं, नदीत पाऊल टाकलं, राणीनं आभाळाकडं बघून हात जोडले, आणि शे-दोनशे पोरं एका आवाजात ओरडली, “कोंबडं पाळीन, पण तुला पाळायची न्हाय!” शेवटच्या रांगेपर्यंत एकही शब्द चुकला नाही. तात्या मागं वळून पोरांना म्हणाले, “गप बसा की मुडद्यांनो, ती बोलतीया.”

माझ्यापुरता धडा साधा आहे. समोरच्याला काय ऐकायला बरं वाटेल, हे आपल्याला कळतं असं समजू नये. मी त्या दिवशी परमेश्वराला मध्ये घातलं असतं, तर तात्यांनी नमस्कार करून ते ऐकून घेतलं असतं आणि आईशिवाय घरी गेले असते. आणि दुसरं म्हणजे, कॅमेरा चालू असताना तोंडाला लगाम घालावा. परवा भाचीच्या लग्नाचं शूटिंग चाललं होतं. विहीणबाईंच्या शालूबद्दल मला बरंच बोलायचं होतं. मी पदर तोंडावर धरून बोलले.