ज्याचं उत्तर त्यानं

ईस्टरनंतरचा दुसरा रविवार, सुरतेतली डिंडोली. हजर : नवापूरहून आलेले पाळकसाहेब, सालोमीबाई जाधव, त्यांचा नातू विनय आणि नातसून रीना, त्या दोघांची तान्ही मुलगी मार्था, जिचा बाप्तिस्मा होता, मंडळीतली नेहमीची माणसं, आणि मी, मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, चिटणीस. गैरहजर : पांडेसऱ्याच्या मिलांत ज्यांना रविवारची पाळी लागली होती ते सगळे, म्हणजे निम्मे पुरुष.

इतिवृत्तात तेव्हा मी एवढंच लिहिलं. सालोमीबाई त्यात मावल्या नाहीत, म्हणून इतक्या वर्षांनी हे वेगळं लिहिते आहे.

सालोमीबाई मूळच्या नगरकडच्या. सुरतेत त्या घरबसल्या धागा कटिंगचं काम करत. मशीनवर भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते कातरून द्यायचे. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका हे काम करतात. फरक एवढाच, की रविवार पाळायचा म्हणून शनिवारी दिवेलागणीला सालोमीबाई सगळा गठ्ठा बांधून ठेकेदाराकडे परत टाकून यायच्या. झालेल्या साड्या, न झालेल्या साड्या, सगळ्या. सोमवारी सकाळी पुन्हा उचलून आणायच्या.

“माजी, एक दिवस घरमां पडी रहे तो शुं वांधो?” ठेकेदार वैतागायचा.

“वांधा तुझ्या साडीला न्हाई रे. माझ्या हाताला हाय. साडी दिसली की कात्री उचलतोय त्यो.”

दिवाळीच्या हंगामातसुद्धा हा नेम मोडला नाही. ठेकेदारानं दोनदा काम बंद करून पाहिलं आणि दोन्ही वेळा स्वतःच बोलावणं धाडलं.

त्यांचा विश्वास असा होता. जुना, शिवणीला घट्ट. जेवणाआधी प्रार्थना इतकी लांब, की भाताची वाफ जायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाण्याचा घोटही नाही. आणि आजूबाजूला काय चाललंय हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. तरुण मुलं ड्रम वाजवणाऱ्या हिंदी सभेत जाऊ लागली होती, काही कुठंच जात नव्हती. एकानं सांगितलं, “आजी, मी मोबाइलवर उपासना बघतो.” त्यावर त्या म्हणाल्या, “मंग आज दुपारी जेवणबी मोबाइलवरच बघ, मी सैपाक करत न्हाई.”

घरातच त्यांचा नातू विनय होता. त्याला त्यांनीच वाढवला. पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये तो रंग जुळवतो. कॉलेजात असतानाच त्याचा विश्वास उडाला. भांडण नाही, वाद नाही. आजीला तो दर रविवारी स्कूटरवर आणून सोडायचा, मंडळीचा माइक दुरुस्त करायचा आणि उपासना सुरू झाली की मंडळीच्या माडीवरच्या खोलीबाहेर जिन्यावर बसायचा. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं.

मार्थाच्या बाप्तिस्म्यानं बोलायची वेळ आणली. बाप्तिस्मा देण्याआधी पाळक आईवडिलांना विचारतात, तुमचा देवावर विश्वास आहे का. त्याला हो म्हणावं लागतं. आदल्या संध्याकाळी तयारीसाठी आम्ही सालोमीबाईंच्या खोलीत बसलो असताना विनय मला म्हणाला, “सरोजमावशी, मी ते म्हणणार नाही. मला तसं वाटत नाही.”

रीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग हिचं काय? पाळकसाहेब पाणी घालतील का? माझ्या आईला काय सांगू?”

माझ्याकडे तोडगा होता. आमच्या मंडळीला एक सवय आहे : पाळकांनी काहीही विचारलं, की सगळेच्या सगळे मोठ्यानं उत्तर देतात, प्रश्न त्यांना असो वा नसो. आईवडिलांचा आवाज त्यात ऐकूच येत नाही. मी म्हटलं, “विनय, तू नुसता उभा राहा. बाकीचं मंडळी बघून घेईल.”

सालोमीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उद्याच्या केकची ऑर्डर तपासायला लागले.

“देवाला गलका करून फशिवता व्हय, चिटणीसबाई?” मग नातवाकडं वळून : “उद्या तुझं तू बोल. जे हाय ते.”

“आणि पाळकसाहेब नाही म्हणाले तर?”

सालोमीबाईंनी दुपटं सारखं केलं. त्यांची एकुलती एक पणती मांडीवर झोपली होती. घरातला विश्वास आपल्यापाशी थांबतो की पुढं जातो, एवढी एकच गोष्ट त्यांना मरण्याआधी बघायची होती, हे त्या मला कितीदा बोलल्या होत्या.

“तर न्हाई म्हनतील,” त्या म्हणाल्या. “पर लेकराच्या डोक्यावर पानी पडंल ते खोटं बोलून न्हाई पडायचं.”

रविवारी प्रश्न यायच्या आधी सालोमीबाई उठून उभ्या राहिल्या. “आज कुनी ओरडायचं न्हाई. ज्याला इचारलंय त्यानंच सांगायचं.”

पाळकसाहेबांनी विचारलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. रीना म्हणाली, “हो, आहे.”

विनय म्हणाला, “माझा नाही, पाळकसाहेब. पण रीनाचा आहे, आजीचा आहे. त्या दोघी मार्थाला शिकवतील तेव्हा मी आड येणार नाही, टर उडवणार नाही. एवढं वचन मी देतो.”

पाळकसाहेबांनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. मी मनात केक परत करायची भाषा जुळवू लागले. सालोमीबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“आईचा विश्वास आहे,” पाळकसाहेब शेवटी म्हणाले. “तो पुरेसा आहे. पण धर्ममाता कोण? हिला शिकवायची जबाबदारी कोण घेणार?”

“मी.”

“आजी, तुमचं वय...”

“ते मला म्हाईत हाय. म्हनून सरोजला संगं उभी करते.”

मला कोणी विचारलं नव्हतं. मी उभी राहिले.

पाणी पडलं, मार्था किंचाळली आणि सगळी खोली एकदम मोकळी झाली. रीना हसत रडत होती. सालोमीबाईंनी मधुमेह गुंडाळून ठेवून केकचे दोन तुकडे खाल्ले. जिना उतरताना त्यांनी विनयचा दंड धरला. “आज पयल्यांदा माझ्या देवासंगं खरं बोललास.”

“आजी, मी पाळकसाहेबांशी बोललो.”

“त्यो ऐकत हुता की.”

दोघंही तिथंच जिन्यात हसत उभी राहिली. मागची माणसं खोळंबली.

विनय पुढं विश्वासणारा वगैरे झाला नाही. पण त्यानंतर तो जिन्यावर बसला नाही. आत मागच्या ओळीत बसू लागला, हाताची घडी घालून, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल. सालोमीबाई गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. दफनाच्या वेळी त्यांच्या आवडीचं गीत गाणाऱ्यांनी आवरतं घ्यायला सुरुवात केली तेव्हा विनयच म्हणाला, “सगळी कडवी म्हणा. तिनं एकही सोडलं नसतं.”

आता दर शनिवारी मार्था माझ्याकडे शिकायला येते. मराठीत सुरुवात करून गुजरातीत संपवते. प्रभूची प्रार्थना पाठ झाली आहे. परवा ती म्हणाली, “सरोजआजी, प्रार्थनेत पप्पा डोळे बंध केम नथी करता?”

मी म्हटलं, “पप्पांनाच विचार ना.”

“विचारलं. ते म्हणाले, सरोजआजीला विचार.”

येत्या शनिवारी बापलेकीला एकत्र चहाला बोलावलं आहे. दूध, बिस्किटं, सगळं सांगून ठेवलं आहे. तिला काय सांगायचं, ते तेवढं अजून ठरायचं आहे.