बॅगपाइपवरचा फेर

सातपूरच्या विशेष मुलांच्या शाळेत मी रजेवरच्या बाईंच्या जागी शिकवत होते. स्कॉटलंडमध्ये काही वर्षं राहिले होते, म्हणून एकदा वर्गात मोबाइलवर तिथला बॅगपाइप लावला. पेठच्या पाड्यावरून आलेली, कधीच न बोलणारी मुलगी उठली. गावाकडे तारपा वाजू लागला की धरतात तसा तिने शेजारणीच्या कमरेत हात घालून फेर धरला, आणि सगळा वर्ग मागोमाग फिरू लागला. मुख्याध्यापिकांनी येऊन सगळं बंद करायला लावलं. म्हणाल्या, "यांना काय कळतंय त्यातलं? चित्रं रंगवायला द्या."

आठवड्याभरात त्याच सांगत आल्या, "पाहुणे येणारेत, तो स्कॉटलंडचा नाच बसवा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पाहुण्यांना काय कळतंय त्यातलं? त्यांना चित्रं रंगवायला द्या."