मेस्त्रींना विचारलेला प्रश्न

विठोजीइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि सरळ माणसाची बाजू मांडण्याइतकं डोक्याला ताप देणारं काम दुसरं नाही. महादेवपुऱ्याच्या कारखान्यात तो सतरा वर्षं लेथवर, मी शेजारच्या मशीनवर.

चौऱ्याण्णव साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेला त्यानं मशीनला कुंकू लावलं, लिंबू कापलं, कापूर ओवाळला. पूजा झाली की सुट्टी उलटेपर्यंत मशीन चालवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नव्या मॅनेजरला ऑर्डरची घाई, चालव म्हणाला. विठोजी नाही म्हणाला. आठवड्याभरात आरोपपत्र आलं: हुकूम मोडला, कामावरून का काढू नये?

चौकशीत कामगाराला मदतीला एक सोबती घेता येतो. तो मी. मी त्याला घोकवलं, "देवाचं नाव काढू नकोस. वर्षानुवर्षं चालत आलेली रीत कामगारांना आधी नोटीस दिल्याशिवाय मालकाला मोडता येत नाही. तेवढंच सिद्ध करायचं."

मालकाकडून साक्षीला आले रघुपती मेस्त्री. विठोजीला लेथ शिकवली ती त्यांनीच. अशी काही रीत नाही, असं त्यांनी खाली बघत सांगितलं.

उलटतपासणी विठोजीनं स्वतः करायची असं ठरलं होतं, तर हा हाताची घडी, तोंडावर बोट! गुरूला उलट विचारायचं कसं, म्हणे. असा संताप आला मला! अरे शहाण्या, नोकरी गेली तर घरी कौशल्यावहिनीला काय सांगशील, असं मी कानात खडसावलं. चौकशी अधिकारी 'प्रश्न नाहीत' असं लिहायलाही लागला.

तेव्हा विठोजी उठला.

"मेस्त्री, माझ्या पहिल्या पूजेला मी मशीन चालू करायला गेलो. माझा हात कोणी धरला?"

मेस्त्रींनी मान वर केली. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते, मालकाची भीती होतीच. तरी म्हणाले, "मीच धरला. मघाशी बोललो ते खोटं. लिहून घ्या."

नोकरी वाचली. आम्ही पेढे वाटले, पण विठोजीनं पेढ्याला हात लावला नाही. चारचौघांत गुरूला खोटं पाडलं, एवढंच त्याच्या डोक्यात. रविवारी मला घेऊन तो मेस्त्रींच्या घरी गेला आणि माफी मागायला लागला.

मेस्त्रींनी त्याला शेजारी बसवलं.

"बरं केलंस विचारलंस," ते म्हणाले. "नाहीतर ते खोटं घेऊनच मी घरी बसलो असतो."