लाल फडक्यातली माती

मी खडूस माणूस होतो, हे आधीच सांगून टाकतो. फ्रीगंजात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, पण घरमालकीण काकूंशी दोन वर्षांत चार वाक्यं धड बोललो नसेन. त्या विधवा, मूलबाळ नाही. माझे आईवडील लहानपणीच गेलेले, लग्न केलं नाही. वनखात्यातली नोकरी आणि जंगल, बस्स.

जंगलात एक खूळ डोक्यात शिरलं. मुरमाड टेकडीवरच्या झाडांची पानं लहान, जाड, चिवट. नाल्याकाठच्या खोल मातीतली रुंद, पातळ. जशी माती तसं पान, हे मला दाखवून द्यायचं होतं. म्हणून झाडाचं पान दाबून ठेवायचं आणि त्याच्या मुळाशी असलेली मूठभर माती फडक्यात बांधून आणायची. फडकी भैरवगढच्या छपाईवाल्यांकडची, रंग फुटला म्हणून टाकून दिलेली, लाल. माती खोलीत सांडू नये म्हणून पुरचुंड्या मागच्या पत्र्याखाली खुंट्यांना टांगल्या. काकू एकदा विचारायला आल्या, तर मी खेकसलो, "माझं आहे ते. हात लावू नका."

माती तपासायची मंजुरी येईपर्यंत पुरचुंड्या तेवीस झाल्या. तोवर मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायचं ठरलं, कचेरी भोपाळला निघाली. तिथल्या प्रयोगशाळेत मला जागा मिळणार होती ती या मातीच्या जोरावर. नाहीतर जन्मभर लाकडांवर शिक्के मारत बसायचं.

शेवटच्या दौऱ्यावरून सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी परतलो. खुंट्या रिकाम्या होत्या.

काकू पायरीवर बसल्या होत्या. "भैया, रागावू नका. काल रामघाटावर सगळ्यांना सोडून आले."

आधी कळेचना. मग लख्ख कळलं. अस्थी घरात आणत नाहीत, फडक्यात बांधून बाहेर टांगतात.

"दर खेपेला जाता आणि एक-दोन घेऊन येता. तोंड उतरलेलं, बोलत नाही. मी म्हटलं, किती माणसं गेली बिचाऱ्याची. दो-दो साल अस्थी लटकलेल्या. एकट्याला हिम्मत होत नसेल."

दोन वर्षांचं काम क्षिप्रेत गेलं होतं. खोलीतली पानं आता नुसता पाचोळा. तोंडात शिवी आली होती, खरंच आली होती.

"गुरुजींनी गोत्र विचारलं," काकू म्हणाल्या. "तुमचं मला कुठे ठाऊक? ते म्हणाले, काश्यप म्हणा, चलता है. मला नाही पटलं. तेवीस वेळा माझंच सांगितलं."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि हमसून हमसून रडलो. काही वेळानं त्यांनी पाणी आणून दिलं.

ती माती होती, हे त्यांना कधीच सांगितलं नाही. भोपाळला शिक्केच मारले. काकूही गेल्या, त्यांचं करायला कुणी नव्हतं. सर्वपित्रीला मी एकटाच रामघाटावर जातो. गुरुजी गोत्र विचारतात. मी काकूंचं सांगतो.